कोरडा डाग

६ जानेवारी १९८९, शुक्रवार

बावीस डाग दिले. सतरा सुटले!

सुटले म्हणजे नखानं नुसतं ढकललं की कपाळावरच्या टिकलीसारखे निघून आले. करायचं असतं इतकंच – सुट्या भागाची तार रेडिओच्या बोर्डाच्या भोकातून काढायची, तार आणि भोकाभोवतीचं तांबं दोन्ही सोल्डरिंग आयर्नच्या टोकानं तापवायचं, मग कथलाची तार टेकवायची. कथील तांब्यावर पाण्यासारखं पसरलं पाहिजे आणि निवल्यावर चमकलं पाहिजे. आज पसरलंच नाही. अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होऊन बसलं. राखाडी. वरून चिकटल्यासारखं दिसणारं, आतून काहीच न धरलेलं. पुस्तकात याला कोरडा डाग म्हटलंय. कॉलेजात प्रयोगशाळेत मी असे डाग दुसऱ्यांचे पाहिले होते आणि मनात हसले होते.

भार्गवन माश, म्हणजे मास्तर, नेमके तेव्हाच डोकावले. वाचनालयाचे सेक्रेटरी तेच, त्यामुळे त्यांना दार वाजवावं लागत नाही.

"किती झाले?"

"पाच."

"रेडिओ?"

"डाग, माश."

ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मी तुझ्या बाजूनं आहे, जलजा. पण कमिटीत सात जण आहेत आणि त्यातले पाच कॅरम खेळतात."

मागची खोली आम्हाला फक्त पाच मार्चपर्यंत मिळाली आहे. त्या दिवशी वाचनालयाचा वर्धापनदिन. आठ बायकांनी आठ रेडिओ स्वतः बनवायचे, स्टेजवर निदान पाच वाजले पाहिजेत. वाजले तर खोली कायमची बायकांची – शिकायला, दुरुस्त्या करायला, काहीही. नाहीतर कॅरमवाल्यांची. बायका सात जमल्या आहेत. आठवी अजून नाही.

रात्री अच्छन, माझे वडील, ताट धुताना म्हणाले, "बी.एस्सी. होऊन कल्हईवाली झालीस." माडावर चढून माडी काढणाऱ्या माणसानं हे म्हणावं!


९ जानेवारी, सोमवार

आज बरं झालं. शुक्रवारचे सगळे खरवडून पुन्हा दिले, धरले. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच हात कच्चे असणार. उगीच घाबरले.


१० जानेवारी, मंगळवार

आठवी आली. थ्रेस्या. कडप्पुरात, समुद्राच्या बाजूला राहते, मासे विकते. वयानं सगळ्यांत थोरली म्हणून आल्याआल्या सगळ्यांची चेची, थोरली बहीण झाली. मला मात्र टीचर म्हणायला तयार नाही – "पोरी" म्हणते.

"पोरी, मी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येणार. चालेल?"

"का? वर्ग सोम-मंगळ, गुरु-शुक्र चार दिवस आहे."

"मंगळवार-शुक्रवार तुमच्या भगवतीचे. उत्सव होईपर्यंत त्या दिवशी तुमच्या एकाही घरात मासा शिजत नाही. मग मी पाटी कुठल्या दारात उतरवू? त्या दिवशी मी माशाला हातही लावत नाही. घरी बसून नवऱ्याचं तोंड बघण्यापेक्षा म्हटलं, शिकावं काहीतरी."

रेडिओ कशाला हवाय विचारलं. म्हणाली, होडीत ठेवायला. समुद्र खवळणार असेल तर आधी रेडिओवर सांगतात, आणि तिची दोन्ही मुलं होडीवर असतात. दुकानातला घ्यायचा म्हणजे नवऱ्याची परवानगी. "आणि मी केलेला असला तर कोण काय बोलणार?"

जाळी दुरुस्त करायची सुई धरतात तसं तिनं आयर्न धरलं. हात इतका स्थिर! मी पाहातच राहिले. जाळ्याचे हजार गाठी-डोळे जिनं विणले तिला चाळीस डागांचं काय.

आणि तरी आज बारापैकी अकरा डाग कोरडे. तिचेच नाहीत, सगळ्यांचे. सुधर्मा शिलाईकाम करते, तिचे सोमवारी आरशासारखे आले होते – आज तिचेही राखाडी. काय चाललंय?


१२ जानेवारी, गुरुवार

आज सुरेख. एकही सुटला नाही. तेच आयर्न, तीच तार, डागाआधी लावायची तीच राळ. मला आनंद व्हायला हवा, पण चीड येते. कारण कळलं नाही तर बरोबर येणंही नशिबाचंच म्हणायचं. आणि नशिबावर माझा विश्वास नाही.


१३ जानेवारी, शुक्रवार

कोरडे. सगळे कोरडे.

दुपारचा विजेचा दाब कमी असेल म्हणून आयर्न तापत नसेल – हे आजचं कारण. मोजला. गुरुवारइतकाच होता. मग ते कारण गेलं.

शिस्त म्हणावी तर ती माझ्याइतकी कडक कोण पाळत असेल? दारात बादली आणि साबण ठेवलाय. आत येणाऱ्या प्रत्येकीनं हात धुवायचे. बोर्ड फक्त कडांनी धरायचा, तांब्याला बोट लावायचं नाही, घाम लागतो. तांबं घासायचं काम तर मी कुणाला देतच नाही. रोज वर्गाच्या आधी आठही बोर्ड मी स्वतः पॉलिश पेपरनं घासते, धूळ फुंकते आणि प्रत्येकावरून एकदा अंगठा फिरवून पाहते, खात्रीसाठी. गुळगुळीत लागलं की मगच टेबलावर.

सुधर्मा आज म्हणाली, "टीचरचा हात केसांत गेला की समजायचं, आज रेडिओ बोलणार नाही." सगळ्या हसल्या. चिडले की केसाचं टोक बोटाला गुंडाळायची सवय आहे मला, लहानपणापासूनची. पण हे काय कारण झालं? परिणाम आहे तो!


१६ जानेवारी, सोमवार

शुक्रवारचे खरवडून पुन्हा दिले. छान. म्हणजे सोमवारी शुक्रवारची धुणी धुवायची, गुरुवारी मंगळवारची. पुढे कधी जायचं?


१७ जानेवारी, मंगळवार

पुन्हा तेच. रमणी म्हणाली, "टीचर, याला दृष्ट लागलीय. मीठ-मिरच्या ओवाळून बघा." मी आयर्न खाली ठेवलं आणि पंधरा मिनिटं भाषण केलं. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, ते माणसाच्या हातात असतं, आणि शोधलं की सापडतंच.

भाषण संपलं तोवर आयर्न इतकं तापलं की टोकावरचं कथील जळून काळं झालं. थ्रेस्या चेची म्हणाली, "कारण सापडलं बघ."

मलाही हसू आलं. पण रात्रभर डाग डोळ्यांसमोर.


२० जानेवारी, शुक्रवार

कोल्लमला जाऊन कथलाची नवी तार आणली. जरा भारीतली. आज वापरली.

कोरडे. भारीतले कोरडे.


२२ जानेवारी, रविवार

अम्माला सुट्टी. काजूच्या कारखान्यात तीस वर्षं टरफलं फोडून तिच्या बोटांची टोकं काळी पडली आहेत, ती आता कशानंच उजळत नाहीत. मी तिला बोर्ड दाखवला, कुठे काय डकवतात ते सांगितलं.

"आम्हाला दाराशी हातांना राख चोळावी लागते," अम्मा म्हणाली. "टरफलाचा चीक लागू नये म्हणून. तुमच्यात काय चोळतात?"

"काहीच नाही. नुसते स्वच्छ हात."

"स्वच्छ म्हणजे कसे?"

"म्हणजे स्वच्छ, अम्मा!"

ती हसली. "डोकं तापतं फार तुझं. मंगळवारी तेल जरा जास्त घालते."

तिचं तेल म्हणजे मोठं प्रकरण. जास्वंदीची पानं, तुळस, काळे जिरे घालून कढवलेलं खोबरेल. देवळाच्या दिवशी, मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटे डोकं भिजेपर्यंत थापते. अंघोळ झाल्यावर पुन्हा दोन बोटं टाळूवर. मग दिवसभर केस मोकळे, टोकाला एक गाठ. बाकीचे दिवस मी घट्ट वेणी घालते, कामाच्या माणसासारखी. हे दोन दिवस तिच्या हौसेचे. तिनं कारखान्यात खपून मला शिकवलं. डोक्यावर तेवढं तेल घालू द्यायला काय जातंय?


२४ जानेवारी, मंगळवार

कोरडे. लिहायला दुसरं काही नाही.


२७ जानेवारी, शुक्रवार

आज नुकसान झालं. एकाच जागी पुन्हा पुन्हा तापवून रमणीच्या बोर्डावरचं तांबं उचलून आलं. पापडासारखं. आता तिथे डाग बसणारच नाही. ती बोर्ड पदराखाली घेऊन बसली. मी म्हटलं, तुकडा तारेनं जोडू. पण मला तिचं तोंड बघवेना. नारळाच्या काथ्याच्या दोऱ्या वळून ती उरलेल्या वेळात येते.


३० जानेवारी, सोमवार

कॅरमवाले दोघे आज खोलीत आले. टेप घेऊन! एकानं टोक धरलं, दुसऱ्यानं भिंतीपर्यंत नेलं.

"काय करताय?" मी विचारलं.

"काही नाही टीचर. दोन बोर्ड मावतील का बघतोय."

सुधर्मानं आयर्न उचललं. "या की. तुमच्या बोर्डालाही डाग देते एक."

ते गेले. आजचे डाग उत्तम होते.


६ फेब्रुवारी, सोमवार

शेवटी नाक मुठीत धरून बसस्टँडजवळच्या शिवानंदनकडे गेले. रेडिओ दुरुस्त करतो, शाळा आठवीपर्यंत. मी दोन बोर्ड नेले, एक गुरुवारचा, एक शुक्रवारचा. त्यानं भिंगही घेतलं नाही. शुक्रवारचा डाग नखानं उडवला आणि खालचं तांबं उजेडात तिरपं धरलं.

"तापलंय बरोबर. तारही चांगली आहे. हा मेणचटपणा दिसतो का? कुणाच्या तरी हाताला चरबी आहे."

"सगळ्या हात धुतात. साबणानं."

"मग साबण खोटा किंवा हात. तांबं लाजाळूसारखं असतं टीचर. नको तो हात लागला की मिटून घेतं."

पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, "बी.एस्सी.त हे नव्हतं का?" नव्हतं.


९ फेब्रुवारी, गुरुवार

चांगले. मंगळवारी वाईट होते. सगळ्यांच्या हातांकडे बघत बसले होते. चरबी कशी दिसते?


१३ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं!

ही वही सुरुवातीपासून वाचली. रागाच्या भरात लिहिलेलं इतकं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. कोऱ्या कागदावर दोन रकाने केले, चांगले दिवस आणि वाईट दिवस. चांगले: सोमवार, गुरुवार. वाईट: मंगळवार, शुक्रवार. एकही अपवाद नाही! महिनाभर डोळ्यांसमोर होतं.

मग मंगळवारी आणि शुक्रवारी वेगळं काय असतं? वीज तीच. तार तीच. बोर्ड मीच घासते. वेगळं एकच – त्या दोन दिवशी थ्रेस्या चेची असते.

मासे. माशाचं तेल. शिवानंदन म्हणाला ती चरबी! आणि ती जलद म्हणून सुटे भाग मोजून सगळ्यांना वाटायचं काम मीच तिला दिलंय. म्हणजे प्रत्येकीच्या हातात जाणारी प्रत्येक तार आधी तिच्या बोटांतून जाते.

सहा जानेवारी तेवढी बसत नाही, ती दहाला आली. पण तो पहिलाच दिवस, हात कच्चे. ती नोंद धरायची नाही.

आनंद झालाय आणि नाहीही. ती मला आवडते. आणि हे कसं वाटेल ते मला ठाऊक आहे. बसमध्ये अम्माच्या बोटांना काजूच्या चिकाचा वास येतो म्हणून सरकून बसणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मी तशी नाही. पण कारण सापडल्यावर गप्प बसणंही बरोबर नाही.


१४ फेब्रुवारी, मंगळवार

नियम केला: हात दोनदा धुवायचे. सगळ्यांसाठी. बोलताना मी थ्रेस्या चेचीकडे बघत होते हे मला नंतर कळलं.

कोरडे.


१७ फेब्रुवारी, शुक्रवार

साबणाशेजारी लिंबाच्या फोडी ठेवल्या. चेची म्हणाली, "आमचं लोणचं घालायचंय का, पोरी?" आणि इतर कुणाहीपेक्षा जास्त वेळ हात चोळले. कोपरापर्यंत.

तरी कोरडे. तीस वर्षांचं तेल लिंबानं कसं जाणार? अम्माची बोटं जातात का उजळ?

सोळा दिवस राहिले. तीनच बोर्ड पुरे झालेत.


२० फेब्रुवारी, सोमवार

ती नव्हती. सगळे आरशासारखे. आणखी काय पुरावा हवा?


२१ फेब्रुवारी, मंगळवार

आज बोलणार होते. तिनं रमणीचं उचललेलं तांबं केसाएवढ्या तारेनं जोडून दिलं. जाळ्याची गाठ घालतात तशी गाठ घालून, मग डाग. तिच्या हाताखालचं हे एकच काम आज टिकलं. बोलले नाही.


२४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोलले.

आजचे एकवीस कोरडे. सुधर्माच्या बोर्डावरचंही तांबं उचललं. भार्गवन माश दारात उभे राहून फक्त म्हणाले, "नऊ दिवस." ते गेले आणि माझ्या तोंडून निघालं. आधी ठरवलेलं, बाजूला घेऊन हळू सांगायचं, ते राहिलंच. सगळ्यांसमोर म्हटलं.

"चेची, राग मानू नका. हे शास्त्र आहे. तुम्ही येता त्या दिवशीच डाग कोरडे होतात. माशाचं तेल हाताला राहतं. साबणानं जात नाही. वर्धापनदिन होईपर्यंत तुम्ही भागांना हात लावू नका. नुसतं बसा, बघा."

थ्रेस्या चेचीनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आज?"

एवढंच. आज काय? मला कळलं नाही. मी म्हटलं, "आजही. सगळेच्या सगळे."

तिनं आयर्नचं टोक ओल्या फडक्याला पुसलं, शिकवलंय तसं. स्टँडवर ठेवलं. प्लग काढला. तिचा बोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवला, कडांनी धरून. चपला घातल्या आणि गेली. शिव्या देईल असं मला वाटत होतं. बाजारात ती कुणाला सोडत नाही म्हणतात.

सुधर्मा म्हणाली, "टीचर, सगळ्यांसमोर?"

"खरं असलं तर सगळ्यांसमोरही खरंच असतं."

"खरं असेल हो. पण तिला होडीत न्यायचा होता तो."

हे मला माहीत नाही असं वाटतं का हिला? उरलेले सगळे रेडिओ बुडू द्यायचे का?


२७ फेब्रुवारी, सोमवार

पाळी आली. पोटात दुखतंय, तरी गेले. चार दिवस देऊळ नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, अम्माच्या तेलाच्या वाटीपासूनही सुटका.

काम झपाट्यानं झालं. सोमवारच तो.


२८ फेब्रुवारी, मंगळवार

खरी परीक्षा आज होती. मंगळवार – आणि ती नाही.

बोर्ड घासले, अंगठा फिरवला, टेबलावर ठेवले. सुधर्मानं पहिला डाग दिला. कथील पसरलं. तांब्यावर पाण्यासारखं पसरलं आणि निवल्यावर चमकलं! मग दुसरा. मग रमणीचा. एकतीस डाग. एकही सुटला नाही.

मंगळवारी चांगले डाग, पहिल्यांदाच. सिद्ध झालं. मी बरोबर होते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रमणी म्हणाली, "बरं झालं, टीचर." थ्रेस्या चेचीनं जोडून दिलेल्या तारेवरून बोट फिरवत होती. म्हटलं, तांब्याला हात लावू नकोस.


२ मार्च, गुरुवार

सात रेडिओ पुरे झाले. आठवा थ्रेस्या चेचीचा, नऊ डाग राहिले होते. टेबलाच्या मधोमध तसाच पडून होता. मीच पुरा केला, स्वच्छ हातांनी. बॅटरी जोडली आणि काही करायच्या आतच त्यातून नादस्वरम् ऐकू आलं. आठांतला सगळ्यांत स्पष्ट हाच. तिचे आधीचे डाग खरवडून पुन्हा दिलेले, तरी तारा वाकवल्यात किती नेटक्या. प्रत्येक एकसारखी.


३ मार्च, शुक्रवार

वर्ग नाही. खोलीला चुना लावताहेत. पाळी संपली. अम्मानं चार दिवसांचं तेल एकदम थापलं.


५ मार्च, रविवार

आठपैकी सात वाजले!

स्टेजवर एका ओळीत ठेवले होते. सहाच्या बातम्या सातही रेडिओंतून एकदम सुरू झाल्या. सुधर्माचा जरा खरखरत होता. ती मोठ्यानं म्हणाली, "माझा बातम्या वाचत नाही, भांडतो," आणि मग सगळे हसले. कॅरमवाल्यांनीही हात वर केले. खोली आमची. कायमची. भार्गवन माश यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

मला बोलायला लावलं. मी सांगितलं, दोष येतो तेव्हा नशिबाला किंवा दृष्टीला बोल लावू नका. नोंद ठेवा. चांगला दिवस आणि वाईट दिवस शेजारी मांडा. फरक शोधा, कारण काढून टाका, पुन्हा तपासा. आम्ही असंच केलं, आम्हाला कारण सापडलं – हातांची स्वच्छता. नाव घेतलं नाही. पण कडप्पुरातल्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांच्यातल्या दोघी निघून गेल्या.

अच्छन मागच्या रांगेत खुर्चीवर उभे राहिले होते. शेजाऱ्याला सांगत होते, "ती कल्हईवाली – माझी आहे."

चेचीचा आठवा रेडिओ मी लावलाच नव्हता; तो कुणाचा, असं पाहुण्यांनी विचारलं. मी म्हटलं, वर्गाचा.


६ मार्च, सोमवार

नव्या वर्गात एकोणीस नावं आली! एवढे बोर्ड कुठून आणायचे? भार्गवन माश यांनी खोलीवर पाटी लावू म्हटलंय. आज फक्त झाडलोट आणि बोर्ड कापणं. उद्यापासून सुरू.


७ मार्च, मंगळवार

थ्रेस्या चेची नव्हती. नव्या बायका, नवे बोर्ड, नवी तार. चौदा डाग दिले. चौदाही कोरडे.

हात केसांकडे गेला. केस मोकळे होते. बोटं काढली तर अंगठा तेलानं चमकत होता – रोज बोर्डांवरून फिरवते तोच.

दहा जानेवारीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात आहे. मंगळवारी-शुक्रवारी ती माशाला हातही लावत नाही.

"आज?" म्हणाली होती.

तिचा रेडिओ कपाटातून काढून पिशवीत ठेवलाय. उद्या बुधवार, ती पाटी घेऊन बाजारात असेल, सगळ्यांसमोर. तिथेच जायचं.